चटई टाकून बघू

अक्कांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा माझ्या कामांची फाइल उघडलीच नाही. ती टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर ताकाचा पेला ठेवला आणि विचारलं, "दुपारी झोपतीस काय गं?"

मी पुण्याची. पुण्याच्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो आधी त्यात टोमणा शोधतो. मी जरा ताठ बसून म्हटलं, नाही, मला तशी सवय नाही.

"मग घर बरं की वाईट, तुला कळणार कसं?" त्या म्हणाल्या. थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "सरी. शिकशील."

सरी म्हणजे कन्नडमधलं 'ठीक'. एवढ्यावर मला नोकरी मिळाली. आर्किटेक्चरच्या कॉलेजात मला कुणी झोपायला शिकवलं नव्हतं. तिथे वर्गात जी झोप येई ती स्वयंभू होती.

आमचं ऑफिस इंदिरानगरात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला होतं. एका अंगाला बिअरचं दुकान, दुसऱ्या अंगाला चपलांचं, आणि दोन्हीकडे काचेचे दरवाजे इतके स्वच्छ की महिन्यातून एखादं गिऱ्हाईक त्यांवर आपटे. आमच्याकडे एसी नव्हता. कोपऱ्यात एक गुंडाळलेली चटई उभी असे. नव्या माणसाला वाटे, ही ऑफिसच्या सजावटीचा भाग आहे. ती सजावट नव्हती, आमचं ते सर्वांत महाग उपकरण होतं.

इमारत अर्धी उभी राहिली, छप्पर चढलं, की अक्का चटई घेऊन साइटवर जात. दुपारचं जेवण तिथेच. जेवण झालं की ज्या खोलीबद्दल शंका असेल त्या खोलीत चटई टाकायची आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर खोली पास. नाही लागली तर उठून, केस बांधत, त्या शांतपणे सांगत की पश्चिमेची खिडकी बुजवा, किंवा वळचण हातभर खाली आणा, किंवा आढ्याशी फट सोडा, वारा वर चढून बसलाय, त्याला बाहेर जाऊ दे. कंत्राटदार चिडत. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मॅडमना झोप न लागण्याचं घरचं काही कारण असलं तर? मी हा प्रश्न अक्कांना पोचवला. त्या म्हणाल्या, "घरी काही असलं तरी गारव्यात झोप लागते. बिना गारव्याची लागत नाही. त्याला म्हणावं बायकोला विचार."

अक्का त्यांना सगळेच म्हणत: आम्ही, गवंडी, पालिकेतले कारकून, आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठी गिऱ्हाइकंही. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की कुठला शब्द कुणाचा, हे त्यांनाही सांगता येत नसे. आम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना त्या कालपरवा आलेले पाहुणे समजत. पाहुण्यांशी वागावं तशाच आमच्याशी वागत: भरपूर वाढायचं, आणि घरातल्या कारभारात बोलू द्यायचं नाही.

प्लॉट बघायला गेलं की त्या नकाशा माझ्याकडे देत आणि स्वतः छत्री उघडून कुत्रं शोधत. रणरणत्या उन्हात, कोरड्या आभाळाखाली, छत्री घेतलेली एक साठीपलीकडची बाई रिकाम्या प्लॉटवर कुत्रं शोधतेय, हे दृश्य मी अनेक गिऱ्हाइकांना समजावून सांगितलंय. त्यांचं म्हणणं असं की दुपारी कुत्रं जिथे झोपतं तिथे सावली आहे, वारा आहे आणि कुणी लाथ मारत नाही. या तीन गोष्टी एका जागी मिळणं म्हणजेच घर. बाकीचं आपण लावतो.

जुन्या बांधकामाबद्दल त्यांना प्रेम होतं, पण ते दाखवायची सोय नव्हती. 'परंपरा' हा शब्द कुणी काढला की त्या पदर सावरत, जणू कुणी अनोळखी माणूस आत आलाय. एकदा अमेरिकेहून परतलेले एक गृहस्थ आले. त्यांनी तमिळनाडूकडची पाडलेली घरं धुंडाळून कोरीव लाकडी खांब विकत घेतले होते. आता त्या खांबांभोवती घर हवं होतं. फोटो दाखवताना त्यांचा आवाज भरून आला. अक्कांनी सगळे फोटो नीट पाहिले. मग विचारलं, "खांब आणलात. आता त्यांनी उचलायचं काय?"

ते म्हणाले, उचलायचं काही नाही, वर स्लॅबच असेल, खांब शोभेला.

"मग त्यांना उभं कशाला करता? म्हातारी झालीत ती. निजवून ठेवा."

गृहस्थ दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेले. वास्तुशांतीला आम्हाला आमंत्रण होतं. खांब उत्तम पॉलिश केलेले होते. पण स्लॅब आणि खांबाचं डोकं यांच्यात दोन बोटांची फट राहिली होती, आणि तिच्यात कुणीतरी झेंडूची फुलं खोचली होती. अक्कांनी मला कोपराने ढोसलं, वर बघितलं आणि जिलबी घेतली. परतीच्या वाटेवर रिक्षात मात्र हसत राहिल्या.

मासिकवाले त्यांच्याकडे चौकासाठी येत. जुन्या कन्नड घरांत मधोमध उघडा चौक असतो. त्याच्याबद्दल लिहिताना माणसं फार लवकर हळवी होतात. असाच एक तरुण पत्रकार एकदा आला आणि चौकातून घरात येणारं आभाळ, चौकाभोवती गुंफलेलं कुटुंब वगैरे बोलू लागला. अक्कांनी त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, "मी असल्या चौकाची सून होते."

मग त्या बोलल्या ते त्याने छापलं नाही, म्हणून इथे लिहिते. त्यांच्या सासरी आनेकलच्या बाजूला तसं घर होतं. पाऊस तिरका आला की चौकाचं पाणी चारी बाजूंच्या ओसरीत. ते पुसायला सुना. भांडी चौकात, धुणं चौकात, वाळवण चौकात, आणि या सगळ्यावर वरून ऊन. घर गार असे हे खरं. पण ते गार राहावं म्हणून कुणीतरी सकाळ-संध्याकाळ कंबर मोडून ते सारवत असे. "जुन्या घरापासून शिकायचं ते शिकावं की," त्या म्हणाल्या. "पण त्यात कोण राबत होतं, तेही विचारावं. जे वाऱ्यानं आपोआप होतं ते घ्यायचं. जे सुनेनं होतं ते सोडायचं."

या विषयावर मी नंतर पुष्कळ वाचलं, परिसंवादही ऐकले. एवढं स्वच्छ वाक्य पुन्हा कुठे भेटलं नाही.

परिसंवादांचं म्हणाल तर अक्का एकाच परिसंवादाला गेल्या. एका मोठ्या हॉटेलात, 'निसर्गाशी सुसंवाद' असा काहीसा विषय. हॉलमध्ये एसी इतका होता की सत्काराची शाल माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच उपयोगी पडली. बाकीचे वक्ते त्यांच्या शालीकडे आशेने बघत होते. शालीबरोबर काचेचं एक जडशीळ स्मृतिचिन्ह मिळालं. ते आमच्या ऑफिसच्या दाराला टेकू म्हणून लागलं. पश्चिमेचा वारा सुटला की दार आपटायचं, ते थांबलं. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की काच इमारतीत वापरायला त्यांचा विरोध आहे ही अफवा आहे, ही बघा वापरलीय.

नवीन मुलांना त्या पुस्तकं देत नसत, चिकपेटेच्या जुन्या बाजारात नेत. बिजागऱ्या घ्यायच्या असं निमित्त. बिजागऱ्या मिळेपर्यंत तासभर गल्ल्यांतून फिरवत आणि विचारत, ऊन कुठे लागलं? डोक्यावर कापडं ताणलेली, दुकानांची छपरं एकमेकांकडे झुकलेली, पायऱ्यांवर बसायला हातभर जागा, दुकानदार जमिनीपासून वर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या रेषेत. ऊन लागलेलं नसे. त्या म्हणत, हे कुणी काढलं? कुणीच काढलं नाही. आणि तुम्ही पाच वर्षं शिकून आला आहात. मग त्या बिजागऱ्यांच्या भावावरून दुकानदाराशी कन्नडमध्ये असं भांडत की आम्हाला आपल्या अज्ञानाची लाज वाटायलाही सवड मिळत नसे.

आता बोम्मसंद्र्याचं सांगते. कारण त्या कामाला सुरुवात करतानाच अक्का म्हणाल्या होत्या, "हे माझं शेवटचं. गुडघे नको म्हणताहेत. हे चुकलं तर दुरुस्त करायला दुसरं नाही."

शहराबाहेरच्या त्या औद्योगिक भागात पंपांचे भाग बनवणारा कारखाना. मालक कन्नड, कमी बोलणारे, चेहरा कायम अपुऱ्या झोपेचा. त्यांना कामगारांसाठी जेवणाचा आणि विश्रांतीचा हॉल बांधायचा होता. जागेच्या पश्चिमेला मोठा रस्ता, पूर्वेला गल्ली, आणि गल्लीत कामगारांचं फाटक. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखाली एक तांबूस कुत्री चारी पाय पसरून झोपली होती. अक्का छत्री धरून तिच्याशेजारी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हिनं काम केलंय आपलं." झाड राखलं, आणि हॉल असा वळवला की त्या झाडाखालचा वारा आत यावा.

मातीच्या दाबलेल्या विटा, मंगळुरी कौलं, आढ्याला फट, पश्चिमेला खोल पडवी, तिची वळचण खांद्याइतकी खाली, आणि पडवीभर ग्रॅनाइटचा रुंद कट्टा. असा तो हॉल. आणखी एक गोष्ट अक्का प्रत्येक नकाशात काढत आणि प्रत्येक गिऱ्हाईक ती खोडत असे: जगली. इकडच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला, दाराबाहेर, दगडी कट्टा असतो. ती जगली. ती घरातल्यांसाठी नसते. वाटेवरच्या कुणीही बसावं. अक्कांनी ती कुंपणाच्या भिंतीला बाहेरून, गल्लीच्या बाजूला लावली. दुपारनंतर भिंतीचीच सावली तिच्यावर पडणार. मालकांच्या सुरक्षाखात्याने ती पहिल्याच बैठकीत रद्द केली. बाहेरची माणसं बसतील, असं कारण. अक्का म्हणाल्या, त्यासाठीच तर आहे. ते म्हणाले, म्हणूनच तर नको.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. ऑफिसात येऊन त्यांनी मला 'जगली' हा शब्द पुसायला लावला आणि त्या जागी 'प्लिंथ प्रोटेक्शन' असं लिहायला लावलं. भिंतीच्या पायात पाणी मुरू नये म्हणून बाहेरून एक पट्टा बांधतात, त्याचं हे नाव. आमचा पट्टा गुडघाभर उंच आणि दीड हात रुंद होता, वर घोटीव दगड. मी म्हटलं, कुणाच्याही लक्षात येईल. "येऊ दे की," अक्का म्हणाल्या. "जगली कुणीही खोडतं. प्रोटेक्शन खोडायला सही करावी लागते, आणि सही कोण करतंय?" खरोखरच कुणी केली नाही.

कौलं चढली, पश्चिमेची पडवी उभी राहिली, आणि मुंबईहून एक सल्लागार आले. कारखान्याची प्रतिमा सुधारणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी मालकांना पटवलं की परदेशी खरेदीदाराला मोठ्या रस्त्यावरून पहिल्यांदा दिसतो तो हा हॉल, आणि तो दिसतो गावच्या शाळेसारखा. पडवी काढावी, पश्चिमेला पूर्ण काच लावावी, आत एसी. मालक डळमळले. दोघांनी आपापलं म्हणणं जागेवरच मांडावं, मग ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

अक्कांनी वेळ मागून घेतली दुपारी दोनची, एप्रिल महिन्यातली. आणि कळवलं की जेवण आमच्याकडून.

मी आमच्या बाजूने तक्ते, तापमानाचे आलेख वगैरे तयार केले होते. अक्कांनी ते गाडीतच ठेवायला सांगितले. डबे आणि चटई तेवढी उतरवली. पडवीतल्या कट्ट्यावर केळीची पानं मांडली. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, पालेभाजीचं सारु, शेवटी दहीभात. मालक गावाकडच्या माणसासारखे जेवले. सल्लागारांनी दहीभात घेतला आणि अक्कांचं मराठी ऐकून म्हणाले, "तुमचं मराठी किती गोड आहे हो, जुनं वाटतं."

"जुनंच आहे," अक्का म्हणाल्या. "तुमचं नवीन दिसतंय. जपा, फुटेल."

पानं उचलली गेली. सल्लागारांनी लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली. बाहेर पत्र्याच्या शेडांवरून ऊन थरथरत होतं. वळचणीखाली मात्र ते येत नव्हतं, दारात चप्पल काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखं बाहेरच थांबलं होतं. झाडाकडून वारा येत होता. मालक कट्ट्यावर भिंतीला टेकून बसले होते. तिसऱ्या चित्राला त्यांची मान कलली. पाचव्याला ते घोरू लागले.

सल्लागार थांबले. त्यांनी घसा खाकरला. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. "स्वल्प हळू," त्या कुजबुजल्या. "सार झोपलेत."

सल्लागारांनी उरलेलं सादरीकरण मला आणि अक्कांना कुजबुजत करून दाखवलं. माझ्या आयुष्यात एवढं सौजन्याने मांडलेलं काचेचं समर्थन मी ऐकलेलं नाही. ते संपल्यावर त्यांनी कोट काढला, घडी करून बाजूला ठेवला, आणि तेही जरा टेकले.

मालक उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी डोळे चोळले, भोवती बघितलं, आपण कुठे आहोत हे आठवलं, आणि आठवताच चेहरा चिंताक्रांत झाला. मला वाटलं, आता शरमून दिलगिरी वगैरे. पण ते म्हणाले, "अक्का, हे फार वाईट. इथे माणसं अशी झोपली तर काम कोण करणार?"

एवढी सगळी मेहनत, आणि इमारत फार चांगली आहे म्हणून जाणार.

अक्का चटई गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सार, तुम्ही झोपलात. उठल्यावर पहिली आठवण कशाची झाली? कामाचीच की."

मालक बराच वेळ कट्ट्याच्या दगडावर हात फिरवत राहिले. मग सल्लागारांना इंग्रजीत म्हणाले की काच फाटकाजवळच्या ऑफिसला लावू, तिथे तसंही कुणाला झोप येत नाही.

हॉल पुरा झाला. उद्घाटनाला फीत होती, हार होते, आणि शाळेसारखा दिसतो म्हणणाऱ्यांनीच त्याचे फोटो काढले. मी अभिमानाने सुजले होते. अक्का मात्र झाडाखाली बघत होत्या. कुत्री नव्हती.

दोन-तीन वेळा आम्ही पुन्हा गेलो. अक्कांनी चटई टाकली, त्यांना उत्तम झोप लागली, आणि उठल्यावर त्या पुन्हा उदास. कामगार पडवीत आडवे झालेले दिसत होते. मी म्हटलं, अक्का, हॉल माणसांसाठी आहे, माणसं खूश आहेत. त्या म्हणाल्या, "माणसं पगार घेतात. दाखवाल तिथं पडतात. तिला कुणी पगार देत नाही. ती आली नाही म्हणजे माझं काहीतरी चुकलंय." आणि त्यांनी वाऱ्याची सगळी आकडेमोड नव्याने करायला घेतली.

शेवटी मी फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं. तो अभिमानाने म्हणाला, ती रोज येते, मी रोज हाकलतो, आत आता मोठे लोक येतात. हे मी अक्कांना गाडीत सांगितलं. सिल्क बोर्डाच्या चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी नेहमीप्रमाणे थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "कौलं आणली. वारा आणला. परवानगी आणायची राहिली." त्या माणसाची तक्रार करू का, विचारलं तर म्हणाल्या, नको, त्याची नोकरी आहे ती. "बाहेरचं बघू. बाहेर त्याचं चालत नाही."

त्यानंतर गुडघ्यांनी त्यांचं ऑफिसला येणं बंद केलं. चटई ऑफिसातच आहे. ती आता मी नेते.

गेल्या आठवड्यात पावसाआधी कौलं तपासायला बोम्मसंद्र्याला गेले होते. दुपार होती. काम आटोपून गल्लीच्या फाटकातून बाहेर आले आणि अक्कांना फोन लावला. कौलांचं सांगू लागले, तर त्यांनी मधेच तोडलं.

"कुठं उभी आहेस?"

"गल्लीत. प्लिंथ प्रोटेक्शनजवळ."

"कोण कोण आहे?"

मी सांगितलं. दुसऱ्या पाळीच्या दोन बायका डबे मांडीवर घेऊन बसल्यात. एक घरपोच जेवण आणणारा मुलगा हेल्मेट उशाला घेऊन आडवा झालाय. पलीकडे रखवालदार बसलाय, त्याची जेवणाची सुट्टी आहे. काठी भिंतीला टेकवलीय.

"आणि ती?"

"तीपण आहे. रखवालदाराच्या पायाशी."

"झोपलीय, की नुसती पडलीय?"

मी जवळ गेले. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, मला काही महत्त्व नाही असं ठरवलं आणि डोळा मिटला. मी तसं कळवलं.

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग तूपण स्वल्प बस."

मी बसले. दगड गार होता.